बाबूजी, बॅटरी आणि नॉर्वेचे घाट

"अन् ते मशीन बंद असन तं?"

डिसेंबर २०२४. लालबर्र्याच्या घरी अंगणात खाट टाकून मी लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि बाबूजींना नॉर्वेचा नकाशा दाखवत होतो. मोठ्या हौसेनं चार्जरचे हिरवे ठिपके दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, ठिपक्यांकडे पाहिलं आणि हा एकच प्रश्न विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रवासाचं खरं नियोजन त्या प्रश्नापासून सुरू झालं, म्हणून हा लेखही तिथूनच सुरू करतो.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना लालबर्रा कुठे आहे हे ठाऊक नसेल. मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे तहसिलीचं गाव आहे. शेजारचा गोंदिया जिल्हा महाराष्ट्रात. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली. पण नातीगोती, लग्नकार्यं आणि मोठा दवाखाना अजूनही नागपूरचाच. घरात मराठी, शेजारी पोवारी आणि बाजारात हिंदी अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. बीई करायला मी नागपूरला गेलो, नोकरीनं पुढे बंगळूरला नेलं आणि गेली सहा वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला आहे.

बाबूजी बस ड्रायव्हर. आधी मध्य प्रदेश राज्य परिवहन निगमच्या गाडीवर आणि निगम बंद पडल्यावर खासगी बसवर. बालाघाट–सिवनी, बालाघाट–बैहर–मलाजखंड हे त्यांचे रस्ते. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूमुळे बाजूचं दिसणं कमी झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्या दिवसापासून ते कुठल्याही गाडीत पुढच्या सीटवर बसले नव्हते. कार असो की जीप, मागे बसायचं आणि खिडकीबाहेर पाहत राहायचं. "या, आमच्याकडे या," असं आम्ही किती वेळा म्हटलं असेल! दर वेळी आईकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "हिची इन्सुलिन, हिचं खाणं. तिथं तुम्हाले कायले त्रास?"

म्हणून या वेळी ठरवलं होतं, नुसतं बोलवायचं नाही. पूर्ण प्रवास आखून समोर ठेवायचा.

नॉर्वेच का आणि विजेची गाडीच का

नेदरलँड्समध्ये आमच्याकडे सायकली आहेत, गाडी नाही. डोंगर पाहायचा तर देशाबाहेर जावं लागतं. नॉर्वे आणि नेदरलँड्स दोन्ही शेंगेनमध्ये असल्यानं आईबाबूजींना एकच व्हिसा पुरणार होता. नॉर्वेत भाड्यानं गाडी पाहायला गेलं तर यादीत विजेच्या गाड्याच जास्त. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी ८८.९ टक्के पूर्ण विजेवरच्या होत्या.

याची एक गंमत बाबूजींना फार आवडली. १९८९ मध्ये 'आ-हा' या नॉर्वेच्या पॉप बँडमधले दोघे आणि एक पर्यावरण कार्यकर्ता यांनी विजेवर चालणारी फियाट पांडा देशात आणली. विजेच्या गाडीला टोल नको, असं म्हणत ते टोल न भरताच नाक्यावरून जायचे. दंड साचत गेला, गाडी जप्त झाली, तिचा लिलावही झाला. पुढे सरकारनं विजेच्या गाड्यांना खरोखरच कर आणि टोलमध्ये सवलती दिल्या. "म्हणजे तिथंबी नाक्यावर भांडणं होतात," बाबूजी म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

त्यांना आवडलेली दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्याची. विजेच्या एका कारमध्ये सुमारे ८० किलो तांबं लागतं. पेट्रोलच्या कारमध्ये वीस-पंचवीस किलो पुरतं. अनेक बॅटऱ्यांमध्ये मँगनीजही असतं. मलाजखंडची तांब्याची खाण आणि भरवेलीची मँगनीजची खाण, दोन्ही आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या. मलाजखंडच्या रस्त्यावर बाबूजींनी अर्धं आयुष्य घालवलं. नॉर्वेच्या गाडीत आमच्याच खाणीतलं तांबं असेल असं अजिबात नाही, पण त्यानंतर ते खाटेवर जरा पुढे सरकून बसले एवढं खरं.

पहिला नियम: लहान गाडी मिळेल असं धरा

मी आखणी केली होती ७७ युनिटच्या बॅटरीवर. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट, त्यामुळे बाबूजींना हिशेब लगेच समजला. पाच माणसं, सामान, पाऊस आणि चढ धरून शंभर किलोमीटरला २० युनिट लागतील असं मानलं. म्हणजे पूर्ण बॅटरीत ३८५ किलोमीटर. झकास.

"गाडी हेच भेटन कायवरून?" बाबूजी.

मी बुकिंगचा कागद पुन्हा वाचला. मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' लिहिलेलं होतं. भाड्याच्या गाडीत नेमकं मॉडेल मिळेलच याची हमी नसते, त्या वर्गातली कुठलीही गाडी मिळू शकते. त्याच वर्गात ५८ युनिटचीही गाडी होती. तिचा आमचा हिशेब आला साधारण २९० किलोमीटर.

त्यातलेही सगळे वापरायचे नाहीत. फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर भरते, पुढे वेग बराच मंदावतो. मी हे ग्राफ काढून समजावत होतो, तर बाबूजी म्हणाले, "बस भरते तसंच. पयल्या सीटा पटकन् भरतात, शेवटच्या चार सवाऱ्या चढेपर्यंत गाडी लेट होते." खाली वीस टक्के अडचणीसाठी राखायचे. उरलं मधलं साठ टक्के, म्हणजे १७० किलोमीटरच्या आसपास.

३८५ वरून १७०! माझा चेहरा पडला. आईनं मात्र आतून विचारलं, "एवढं चालाले किती वेळ लागन?" नॉर्वेच्या डोंगराळ रस्त्यांवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० किंवा त्याहून कमी. म्हणजे अडीच तास.

"मंग बरोबर आहे ना. मले अडीच तासांनी खावंच लागते."

दुसरा नियम: थांबा आधी, अंतर नंतर

माझ्या ॲपनं थांबे निवडले होते वेळ वाचवण्यासाठी. आईच्या एका वाक्यानं सगळी आखणी उलटी झाली. आम्ही आधी तिच्या जेवणाच्या वेळा लिहिल्या: सकाळी आठ, साडेदहा, दुपारी एक, चार आणि रात्री आठ. मग त्या वेळांच्या जवळ कुठलं गाव येतं ते पाहिलं आणि तिथे चार्जर, बसायला जागा आणि शौचालय आहे का ते तपासलं. चार्जिंगला लागणारा अर्धा-पाऊण तास आता वाया जाणारा वेळ राहिला नव्हता. तो आईच्या खाण्याचा आणि चार पावलं चालण्याचा वेळ झाला.

इन्सुलिनबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. वापरात असलेलं पेन थंड हवेत बाहेर चालेल, नवी पेनं थंड पिशवीत ठेवायची, पण बर्फाला चिकटवून नाही, कारण गोठलेली इन्सुलिन निकामी होते. आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत औषध ठेवायचं नाही.

मार्ग असा ठरला. ऑस्लोच्या गार्डेरमोन विमानतळावरच गाडी घ्यायची, म्हणजे पहिल्याच दिवशी शहरातल्या गर्दीत चालवायला नको. तिथून उत्तरेला लिलेहामर, ओट्टा आणि लोम. दुसऱ्या दिवशी घाट उतरून गायरांगर. मग फेरीनं हेलेसिल्ट, पुढे स्ट्रीन आणि फोर्दे. मग लाविकची फेरी ओलांडून बर्गन. परतताना फ्लोम, लेर्दालचा बोगदा, बोर्गुंडचं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च आणि विमानतळ. सगळं मिळून साधारण १३५० किलोमीटर, आठ दिवसांत.

मुक्काम शक्यतो अशा ठिकाणी घेतले जिथे रात्री गाडी चार्ज करता येईल. ११ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर पाच-सहा तासांत आमची लहान बॅटरी भरते. एक सावधगिरी सांगतो. लाकडी केबिनमध्ये भिंतीला प्लग दिसला म्हणून गाडी लावू नका. मालकाला विचारा. ते वायरिंग तासन्‌तास तेवढा भार घेण्यासाठी केलेलं असेलच असं नाही.

तिसरा नियम: पुढचा नाही तर त्याच्या पुढचा

आता बाबूजींच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मशीन बंद असलं तर?

ते मला गावातल्या बस स्टँडवर घेऊन गेले. तिथे ई-रिक्षा चालवणारा त्यांच्या ओळखीचा एक मुलगा आहे. त्याला त्यांनी विचारलं, बॅटरी संपायला आली की तू काय करतोस? तो म्हणाला, "काका, शेवटच्या कांडीवर लांबची सवारी घेतच नाई. घरापर्यंतचं ठेवूनच धंदा करतो."

घरी येऊन बाबूजींनी डायरी काढली. बसवर असताना प्रत्येक फेरीचं डिझेल आणि किलोमीटर ते लिहीत. तशाच कोऱ्या डायरीत त्यांनी चार रकाने आखले: गाव, अंतर, पोचताना किती टक्के आणि शेवटचा, 'नाई भेटलं तं'. नियम असा: कुठल्याही थांब्यावर पोचताना इतकी बॅटरी हवी की तिथला चार्जर बंद किंवा भरलेला असला तरी पुढच्या किंवा मागच्या चार्जरपर्यंत जाता यावं. जिथे हे जमत नव्हतं तिथे आधीच्या गावात दहा मिनिटं जास्त थांबायचं. दोन संध्याकाळी आम्ही हेच करत होतो. मी अंतरं सांगायचो, ते लिहायचे आणि माझी लेक टक्क्यांची वजाबाकी करायची.

त्या रकान्यानं एक घाटही वगळला. ट्रोलस्टिगेन हा अकरा वळणांचा प्रसिद्ध घाट मला फार पाहायचा होता. पण दरडी कोसळण्याच्या धोक्यामुळे २०२४ च्या हंगामात तो बराच काळ बंद होता. बाबूजी म्हणाले, "ज्या घाटाचा भरोसा नाई, त्याच्यावर मुक्काम ठेवू नये." काढून टाकला. नॉर्वेच्या रस्ते खात्याच्या संकेतस्थळावर कुठला रस्ता उघडा आहे ते दिसतं, अनेक घाटांवरचे कॅमेरेही पाहता येतात. निघायच्या दिवशी सकाळी ते बघायची सवय ठेवा.

पैसे भरण्याचंही असंच. काही चार्जर कार्ड घेतात, काही ॲप मागतात. दोन-तीन मोठ्या कंपन्यांची ॲप घरूनच उतरवून त्यात कार्ड जोडून ठेवा. डोंगरात मोबाइलला रेंज नसताना पासवर्ड बनवत बसायची वेळ येऊ नये. टोल नाक्यावर थांबावं लागत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल गाडीच्या कंपनीमार्फत नंतर येतं. गाडी परत देताना किती टक्के बॅटरी हवी तेही आधीच विचारा.

चौथा नियम: घाटाचा हिशेब वेगळा

नेदरलँड्ससारख्या सपाट देशात राहून मी चढ विसरलो होतो. माणसं धरून २३०० किलोची गाडी एक हजार मीटर वर न्यायला नेहमीच्या खर्चाशिवाय सहा युनिट जास्त लागतात, म्हणजे लहान बॅटरीचे दहा टक्के. उतरताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास परत मिळतात. मात्र बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, आणि मोटरचा तो ब्रेक जवळजवळ लागतच नाही. म्हणून डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल तर रात्री गाडी पूर्ण भरू नये.

हे सांगितल्यावर बाबूजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी येतो."

प्रत्यक्षात

जून २०२५ मध्ये आम्ही पाच जण गार्डेरमोनला उतरलो. आईच्या बॅगेत चिन्नोर तांदूळ होता, तोच आमच्या बालाघाटचा, २०२१ मध्ये ज्याला जीआय मिळाला. तूप आणि खवा मात्र घरीच राहिला, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

काउंटरवर गाडी मिळाली ती लहान, ५८ युनिटची. कर्मचारी दिलगिरी व्यक्त करत होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी बाबूजींकडे. त्यांनी खिशातून डायरी काढली. आमचा सगळा हिशेब त्याच गाडीचा होता.

मग ते मागचं दार उघडायला गेले. लेक म्हणाली, "आजोबा, डायरी तुमच्याकडे आहे. तुम्हालाच सांगावं लागेल ना कुठे थांबायचं?" ते क्षणभर दार धरून उभे राहिले आणि पुढे येऊन बसले. पुढचे आठ दिवस ती सीट त्यांचीच होती.

आखणी दोनदा अडली. स्ट्रीनच्या पुढे एका छोट्या गावात दोनच चार्जर होते. एक बंद आणि दुसऱ्यावर रांग. आधीची सवय असती तर मला घाम फुटला असता. बाबूजींनी चौथा रकाना वाचला: पुढचं गाव, तीस किलोमीटर, पोचताना १९ टक्के. पोचलो तेव्हा २१ होते. दुसऱ्यांदा पावसात आणि गार वाऱ्यात खर्च आमच्या अंदाजापेक्षा जास्त झाला, तेव्हा आईचं चारचं खाणं साडेतीनलाच उरकलं.

लाविक ते ओप्पेडाल ही फेरी पाहायला बाबूजी वरच्या डेकवर गेले. बॅटरीवर चालणारी जगातली पहिली कार-फेरी २०१५ मध्ये याच मार्गावर सुरू झाली. लेर्दालचा २४.५ किलोमीटरचा बोगदा २००० साली खुला झाला. ड्रायव्हरला कंटाळा येऊन डुलकी लागू नये म्हणून त्यात तीन ठिकाणी मोठी दालनं खोदून निळा प्रकाश ठेवला आहे. "ड्रायव्हरचा विचार केला यांनी," हे बाबूजींचं त्यावरचं मत. बर्गन, फियोर्ड, चर्च यांबद्दल ते एवढं कधी बोलले नाहीत.

पण मला आठवत राहतो तो दुसरा दिवस. लोमहून निघून आम्ही हजार मीटरच्या वर पोचलो. तळ्यावर जूनमध्येही बर्फ होता. तिथून रस्ता वळणावळणानं थेट समुद्रापर्यंत, गायरांगरला उतरतो. पडद्यावर आकडा होता ४७. मी ब्रेकवर पाय ठेवणार तेवढ्यात बाबूजींनी हात वर केला. "ब्रेक नको. गाडीले तिच्या मनानं उतरू दे." मी पाय काढला. मोटरनं गाडी धरून ठेवली. पहिल्या मोठ्या वळणानंतर ४८ झाले. मग ४९. लेक मागून मोजत होती. खाली पोचलो तेव्हा ५२.

बाबूजींनी पडद्यावर बोट ठेवलं. "उताराचे पैसे परत देते का हे गाडी?"

"हो. थोडे."

"गांगुलपाऱ्याच्या घाटात मी किती ब्रेक लायनर जाळले असतीन," ते म्हणाले. "सगळी गरमी हवेत गेली."

मग डायरीत गायरांगरच्या ओळीत त्यांनी ५२ लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात, 'पाच टक्के जमा'.

ती डायरी आता लालबर्र्याला आहे. मागच्या आठवड्यात फोनवर बोलताना ते विचारत होते, बालाघाट ते नागपूर विजेच्या गाडीनं जायचं तर चार्जर कुठे कुठे आहेत. मी म्हटलं, शोधून सांगतो. ते म्हणाले, "दोन सांग. एक चालू असलेला अन् एक तो बंद असन तं."